मोज्यातलं लेझीम

आमच्या इमारतीत आवाज करायला बंदी नाही. फक्त तो कुणाला ऐकू येता कामा नये.

हे मला जपानात, तोयोसुला राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. मी मूळची सांगलीची. आमच्याकडे शेजारणीला हाक मारायची तर ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशीच मारतात, म्हणजे शेजारीण कुणाकडेही गप्पा मारत बसलेली असो, तिला निरोप पोचतो. इथे मी मिक्सर घोंगडीवर ठेवून फिरवायला शिकले, खुर्च्यांच्या पायांना लोकरीच्या टोप्या घालायला शिकले, आणि नवऱ्याशी भांडताना कुजबुजायलाही शिकले. (कुजबुजत भांडलं की भांडणात काही दम राहत नाही. मिलिंदला हा देश आवडतो त्याचं खरं कारण हेच.) तर अशा इमारतीत राहून दहा-बारा जणांचं लेझीम बसवायचं, ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली असेल हे मी वेगळं सांगत नाही.

दर उन्हाळ्यात आमच्या इमारतीमागच्या बागेत मात्सुरी भरते, म्हणजे मोहल्ल्याची जत्रा. खाण्याचे ठेले, बर्फाचे गोळे, आणि एका बाजूला छोटं स्टेज. त्यावर मोहल्ल्यातली सगळी कलाकार मंडळी हौस भागवून घेतात. शाळेचा बँड असतो, निवृत्त काकांचं माउथ ऑर्गन मंडळ असतं, आणि साठीच्या पुढच्या बायकांचा हवाई बेटांवरचा हुला नाच असतो. गवताचे झगे घालून त्या इतक्या तन्मयतेनं नाचतात की बघणाऱ्याला आपलंच वय झाल्यासारखं वाटतं. या सगळ्याचे सर्वेसर्वा मोरिता-सान. वय पंचाहत्तरच्या पुढे, गळ्यात स्टॉपवॉच. एकदा लिफ्टमध्ये त्यांनी मला विचारलं, "यंदा भारतातलं काही करणार का?"

मी म्हटलं, "हो."

घरी येऊन मिलिंदला सांगितलं तर तो लॅपटॉपमधून मान वर काढून म्हणाला, "अगं, 'विचार करून सांगते' म्हणायचं. इथे सगळे तसंच म्हणतात."

"त्याचा अर्थ 'नाही' असा होतो."

"मी दुसरं काय म्हणतोय?"

पण माझं 'हो' काही अगदीच वेंधळेपणाचं नव्हतं. त्यामागे सानिका होती, आमची लेक. वय तेरा. मी मराठीत विचारायचं आणि तिनं जपानीत उत्तर द्यायचं, असा आमचा संसार. स्टेशनवर ती माझ्यापुढे इतकी झपाझप चालते की पोलिसानं विचारलं तर 'या बाईंना मी ओळखत नाही' म्हणायला मोकळी. आपल्या लोकांच्या गणपतीत ती मागे दाराला टेकून उभी, दिवाळीच्या जेवणाला अंगातला कोट न काढता बसलेली. मी ओरडून पाहिलं (कुजबुजतच), लाडीगोडी लावून पाहिली. मनात भीती होती, ती सरळ सांगून टाकते. ही पोर मोठी होईल, चांगली होईल, पण आमच्यातलं काही म्हणजे काहीच तिला आपलं वाटणार नाही, आणि त्यात तिचा दोषही नसेल. या विचारानं मला कधीकधी जेवण जायचं नाही.

म्हणून मी घाबरत घाबरत लेझीमचं विचारलं. "यादा" हे उत्तर मी आधीच धरून चालले होते. यादा म्हणजे नको. इथल्या पोरांचा हा श्वासाइतका आवडता शब्द. पण शेजारच्या पाटील वहिनींनी कोल्हापूरहून आणलेलं लेझीम सोफ्यावर पडलं होतं, ते तिनं उचललं, ताणून बघितलं, आणि चक्क मराठीत म्हणाली, "बरं. पण एकदाच. हारुका बघायला येणार."

हारुका म्हणजे तिची जिवाभावाची मैत्रीण.

"येऊ दे की."

"म्हणजे तू मला लाज आणायची नाहीस. फजिती झाली, तर परत मला कुठल्याच मराठी कार्यक्रमाला चल म्हणायचं नाही. कधीच. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मी म्हटलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. आता पणाला काय लागलं होतं ते माझं मला माहीत होतं.

आसपासची दहा-बारा मराठी माणसं जमली, आणि सरावासाठी जागा शोधायला निघालो तेव्हा या देशाची दुसरी बाजू कळली. वॉर्डाच्या सभागृहाची सोडत निघते. दर वेळी ती हुलावाल्या बायकांनाच लागते. कशी, ते देव जाणे. बागेत फलक आहे, वाद्यं वाजवू नयेत. शेवटी आमच्याच इमारतीतली तळमजल्यावरची पार्टीची खोली घेतली. पहिल्या दिवशी पाटील वहिनींनी "हां, करा सुरू!" म्हणून आरोळी ठोकली, लेझिमं खणखणली, आणि गोल फिरून पहिल्या जागी यायच्या आत इमारतीचे व्यवस्थापक दारात. कमरेत वाकून त्यांनी आमच्या आवाजाबद्दल आमचीच माफी मागितली. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सूचना लागली: इमारतीत कुठूनतरी धातूचा आवाज येत असल्याचं रहिवाशांनी कळवलं आहे, पाण्याच्या पाइपांची तपासणी करण्यात येईल.

आणि खरोखर माणूस येऊन पाइप तपासून गेला. बिचाऱ्याला मी चहा दिला.

मिलिंद म्हणाला, "झालं. सोड आता नाद."

नाद सोडणं हे माझ्या स्वभावात नाही. मी कपाट उपसलं आणि सानिकाचे फुटबॉलचे जुने लांब मोजे काढले. ते उभे कापले, प्रत्येक लेझमाच्या साखळीभोवती गुंडाळले आणि चकत्यांसकट शिवून टाकले. शिवलेही असे की परत उसवू नयेत. (आईनं मला दोनच गोष्टी धड शिकवल्या, त्यातली ही एक. दुसरी अजून आठवायची आहे.) लेझीम हलवून पाहिलं, तर उशीवर चापट मारल्यासारखा आवाज. मला तर टाळी द्यायला माणूस शोधावासा वाटला.

मग सगळ्याच गोष्टी मऊ झाल्या. मिलिंदकडे ढोलकी होती. तिच्याऐवजी त्यानं सोफ्याची उशी मांडीवर घेतली आणि तीवर दणादण हात चालवायला लागला. उड्या काढून टाकल्या. पाय आपटायच्या जागी आम्ही चवड्यांवर अलगद टेकायला लागलो, चोर येतात तसे. आकडे सानिका मोजायची, तेही कुजबुजत आणि जपानीत. तिच्या "इची, नी, सान, शी"वर पुण्या-मुंबईचे धष्टपुष्ट इंजिनीयर माना डोलवत वळायचे. दोन महिन्यांत आम्ही इतके तयार झालो की खोलीबाहेरून जाणाऱ्याला आत दिवा का चालू आहे असा प्रश्न पडावा.

एकट्या पाटील वहिनींना हे पटत नव्हतं. "वैशाली, अगं लेझीम ऐकून खेळायचं असतंय. आवाजावर पाऊल पडतंय. हे असलं मी जन्मात बघितलं नाही."

"वहिनी, मोजे काढले की आवाज आपोआप येईल. त्यात शिकायचं काय आहे?"

हे वाक्य मी किती ठसक्यात म्हटलं होतं, ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

पण त्या दोन महिन्यांत दुसरंच एक घडत होतं, आणि माझं सगळं लक्ष तिकडे होतं. सानिका रंगात आली होती. सरावाला सगळ्यांच्या आधी जाऊन खुर्च्या सरकवायची. पाटील वहिनींना खोदून खोदून विचारायची, घोड्याची चाल कशी धरतात, बसून कसं वाजवतात. आणि माझं चुकलं की मराठीतून टोकायची. "आई, डावा हात. अगं डावा! तुला डावा कुठला कळतो का?" इतकी वाक्यं सलग मराठीत तिच्या तोंडून मी किती वर्षांत ऐकली नव्हती. मग काय, मी मुद्दाम चुकायला लागले. (सगळ्याच चुका मुद्दाम नव्हत्या, पण तिला ते सांगायची गरज नाही.)

मात्सुरीचा दिवस उजाडला. उन्हानं अंगाची लाही होत होती. आम्ही बायका नऊवारीत, पुरुष फेट्यात. लेझमाला जागा लागते म्हणून मोरिता-साननी आम्हाला स्टेजवर न चढवता बागेच्या मधल्या मोकळ्या रिंगणात सात मिनिटं दिली होती. या रिंगणाच्या मधोमध लाकडी मचाण होतं, त्यावर मोठा थोरला ढोल आणि ढोल वाजवणारे एक आजोबा. आमच्यानंतर तिथेच बोन ओदोरी सुरू व्हायचं होतं. हा पितरांच्या आठवणीचा गोल नाच. त्याला आमंत्रण लागत नाही, शिकवणी लागत नाही. रिंगणात शिरायचं, पुढचा जे करील ते बघून आपण करायचं, एवढाच नियम. हा नियम मला माहीत होता. त्यावर दोन मिनिटं विचार केला असता तर बरं झालं असतं.

स्टेजवर हुलावाल्या बायका आल्या आणि आम्ही मोजे काढायला बसलो. शिवण उसवेना. कात्री एकच, तीही नखं कापायची. मिलिंद पळत जाऊन नूडल्सच्या ठेल्यावरून मोठी कात्री मागून घेऊन आला. तिला सॉस लागलेला. जो तो "आधी माझं काप, आधी माझं काप" करत रांगेत. मी घामानं निथळत मोजे फाडतेय, पाटील वहिनी दातांनी टाके तोडताहेत, तोवर मोरिता-सान स्टॉपवॉच घेऊन समोर उभे. "वैशाली-सान, दोझो." म्हणजे या. शेवटची दोन लेझिमं मोज्यांसकटच आत गेली.

पुढच्याच रांगेत हारुका, तिच्याबरोबर वर्गातल्या आणखी चार-पाच मुली, सगळ्यांचे फोन वर. सानिकानं माझ्याकडे बघून मान डोलावली. मी मिलिंदला खूण केली. मिलिंदनं ढोलकीवर हात मारला.

दोन महिने उशी बडवलेला हात तो. त्याच जोरानं त्यानं ढोलकीवर मारला, आणि स्वतःच दचकून मागे सरकला. त्यावर आमची मोजे काढलेली सगळी लेझिमं एकदम वाजली. खळ्ळकन! आजूबाजूच्या उंच इमारतींवर आपटून तो आवाज दुप्पट होऊन आमच्याच अंगावर आला. आणि आम्ही काय केलं? दोन महिने ज्या गोष्टीची धास्ती घेतली होती ती झाल्याबरोबर सगळ्यांनी एका क्षणात साखळ्या मुठीत गच्च धरल्या, लेझिमं पोटाशी घेतली आणि खिडक्यांकडे बघत उभे राहिलो. सगळ्या सरावात इतका एकसारखा मेळ आमचा कधी जमला नव्हता. आमच्यातला एक इंजिनीयर तर सवयीनं वाकून "सुमिमासेन" म्हणाला, म्हणजे माफ करा.

लोकांना वाटलं ही सुरुवातीची मुद्रा आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"अगं वाजवा की!" पाटील वहिनी कडाडल्या, आणि त्यांनी कोल्हापुरी वेगानं सुरुवातच केली. झालं. सानिका "इची, नी" म्हणत होती, ते शेजारच्यालाही ऐकू जाईना. निम्मे डावीकडे वळले, निम्मे उजवीकडे. मी कुणाच्या तरी फेट्यावर आदळले. माझ्या पदराची पिन तुटून पडली. मिलिंद आधी वहिनींच्या मागे वाजवत होता, मग माझं तोंड बघून माझ्या मागे वाजवायला लागला, मग घाबरून नुसताच वाजवत सुटला. आवाजावर पाऊल पडायला पाहिजे होतं, आणि आमचं प्रत्येक पाऊल आवाज झाला की थांबत होतं.

मी सानिकाकडे पाहिलं. ती थांबली होती. तोंड लाललाल, लेझीम खाली, नजर हारुकाकडे. गेलं, म्हटलं. हा कार्यक्रम गेला त्याचं काही नाही, पोरगी गेली हातची. आता ही पुन्हा दाराला टेकून उभी राहणार, आणि मला बोलायलाही तोंड नाही, कारण प्रॉमिस मीच दिलंय.

पदर सावरत मी पिन शोधायला खाली वाकले. मागे कसलीतरी सळसळ झाली म्हणून वळून पाहिलं, तर युकाता, म्हणजे सुती किमोनो, नेसलेल्या एक आजी, हातात पंखा, माझ्या मागे तश्शाच वाकलेल्या. त्यांच्या मागे आणखी एक आजी वाकलेल्या. त्यांच्या मागे एक आजोबा. त्यांच्या मागे गवताच्या झग्यात हुलावाल्या.

मी ताठ झाले, तर सगळे ताठ झाले. मी पदर खसकन खांद्यावर ओढला, सगळ्यांनी खसकन खांद्यावरून हात ओढला. मी मिलिंदच्या दिशेनं हात नाचवून ओरडले, "अरे हळू, हळू!" माझ्या मागच्या सगळ्या रांगेनं मिलिंदच्या दिशेनं हात नाचवले. मिलिंद म्हणतो, लग्नाच्या इतक्या वर्षांत एकट्या माझ्या हाताला तो घाबरत आलाय, पण त्या दिवशी अख्खा मोहल्लाच अंगावर आला. मी कळवळून मागच्या आजींना जपानीत म्हटलं, "हा नाच नाही हो, माझं चुकतंय."

"हो ना, अवघड आहे," आजी गोड हसून म्हणाल्या आणि माझ्या पुढच्या चुकीची वाट बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे, स्टॉपवॉच पाठीवर टाकून, मोरिता-सान.

तेवढ्यात हारुका रिंगणात शिरली. सानिकाच्या मागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मलाही शिकव. तुझी आई करतेय तेवढं अवघड नको, सोपं."

सानिकानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागच्या रांगेकडे पाहिलं. मी तेव्हा कपाळावरचा घाम पुसत होते, म्हणजे आम्ही सगळेच पुसत होतो. आणि ती हसायला लागली. पोट धरून, खाली बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लहानपणी हसायची तशी. मला वाटलं, हसू दे बाई, काय हसायचं ते माझ्यावर हस.

मग ती उठली, धावत मचाणावर चढली आणि ढोलवाल्या आजोबांच्या कानात काहीतरी बोलली. आजोबांनी मान डोलावली आणि संथ, घुमणारा ठेका धरला. तो बागेतल्या कानाकोपऱ्यात ऐकू जात होता. मिलिंद त्यात मिसळला. पाटील वहिनींना जपानी मोजणी कधीच कळली नव्हती, म्हणून सानिकानं मराठीत सुरुवात केली. "एक! दोन! तीन! चार!" कुजबुज नाही, काही नाही. सांगलीच्या गल्लीतून निघाल्यासारखा आवाज. माझ्या पोरीला एवढा आवाज आहे हे मला तेरा वर्षांत कळलं नव्हतं. लेझिमं त्यावर बरोबर पडायला लागली, लोक पंखे आणि रिकामे हात घेऊन आमच्याबरोबर वळायला लागले, आणि आमची सात मिनिटं कधी संपली आणि बोन ओदोरी कधी सुरू झालं हे मोरिता-साननाही सांगता आलं नाही. मी रडत होते. मागच्या आजी थोडा वेळ गोंधळल्या, मग त्यांनीही डोळ्यांना पदर लावल्यासारखी बाही लावली.

पुढच्या आठवड्यात मोरिता-सान लिफ्टमध्ये भेटले. समितीला पुढच्या वर्षीही लेझीम हवंय, म्हणाले. सभागृहाची सोय हुलावाल्या बायका करतील, कारण त्यांनाही शिकायचंय. मग जरा चाचरत त्यांनी विचारलं, "ते खाली वाकून जमिनीवर हात फिरवायचं सगळ्यांना फार आवडलं. ते शेतीतलं आहे का?"

"हो," मी म्हटलं. "पेरणी."

घरी आले तर सानिका जेवणाच्या टेबलावर रिंगणाचं चित्र काढत बसली होती. हारुका आणि वर्गातल्या मुली पुढच्या रांगेत, पाटील काकू उजव्या टोकाला, बाबा मचाणावर. सगळं मराठीत सांगत होती आणि अडलं की तेवढा शब्द जपानी.

"म्हणजे तू पुढच्या वर्षी आहेस?" मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"मीच शिकवणार आहे."

"आणि मी गं? मी कुठे?"

तिनं चित्रात मधोमध एक टिंब काढलं. "तू इथे. ती पेरणी दुसऱ्या कुणाला येत नाही."

तेव्हापासून दर रविवारी मी सभागृहात सगळ्यांसमोर वाकून न पडलेली पिन शोधते. हुलावाल्या बायकांना ते पहिल्याच दिवशी जमलं. मला अजून जमत नाहीये. सानिका म्हणते, "आई, तुझं खोटं वाटतं. जरा मागच्या आजींकडे बघून कर."